घरातल्या ‘बऱ्या’ लेकरालाही सांगा

सिकलसेलवर आपल्या वस्त्यांत आता बरेच बोलले जाते. आशाताई घरी येतात, शाळेत बोट टोचून रक्त घेतले जाते, विहारात शिबिर भरते. ज्या लेकराच्या कार्डावर ‘एसएस’ लिहिले आहे, त्याच्याभोवती हे सगळे बोलणे फिरते आणि ते योग्यच आहे. पण त्याच घरात, त्याच सतरंजीवर झोपणारे दुसरे लेकरू असते. त्याला कळा येत नाहीत, सलाइन लागत नाही. आलेल्या पाहुण्यांना आई सांगते, ‘हा आजारी राहते, ही मात्र बरी आहे.’ हा लेख त्या बऱ्या लेकराविषयी आहे.

मी एका एसएस भावाची मोठी बहीण आहे. नागपूरच्या वस्तीत आम्ही वाढलो आणि अशी भावंडे असलेली कितीतरी घरे मी आजूबाजूला पाहिली. माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. बऱ्या लेकराला आजाराची खरी माहिती द्या. त्याची स्वतःची रक्ततपासणी करा आणि निकाल त्याला कळू द्या. आणि आजारी भावंडाची राखण हे त्याचे बालपणाचे काम होऊ देऊ नका.

दिसत नाही म्हणून ‘ढोंग’

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियासोबत सिकलसेलचाही त्यात समावेश झाला. कायद्याने हे मान्य केले, पण लोकांच्या नजरेला ते दिसत नाही. कुबडी नाही, चाकाची खुर्ची नाही, कानाला यंत्र नाही.

आजार रक्ताच्या तांबड्या पेशींत आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी गोल, मऊ असते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल असलेल्याची पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते आणि १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढे प्राणवायू पोचत नाही आणि हाडे, पाठ, छाती, पोट यांत असह्य कळा उठतात. पाणी कमी पडले, थंडी लागली, ताप आला, फार दमणूक झाली की हे होते. आपल्याकडचा मे महिना आणि जानेवारीची पहाट, दोन्ही या लेकरांना जड जातात.

काल जो मुलगा गल्लीत क्रिकेट खेळत होता तो आज उठू शकत नाही, आणि चार दिवसांनी पुन्हा खेळतो. हे पाहून शेजारी म्हणतात, ‘पोट्टं कामाले कुचराते.’ शाळेत सर म्हणतात, पेपर आला की याचे दुखते. मोठ्यांनाच जर हे दुखणे ढोंग वाटत असेल, तर शेजारी झोपणाऱ्या आठ वर्षांच्या बहिणीला काय वाटावे?

न सांगितलेले लेकरू स्वतःच उत्तर शोधते

आईबाप म्हणतात, लहान आहे, त्याला कशाला घाबरवायचे. पण घर एका खोलीचे आहे. रात्री दोन वाजता रिक्षा बोलावली जाते, आई पदर सावरत निघते, बाप उसने पैसे मागायला शेजारी जातो. हे सगळे लेकरू अंथरुणातून पाहते. त्याला कोणी काही सांगत नाही, म्हणून ते स्वतःच अर्थ लावते आणि बहुतेक वेळा चुकीचा लावते.

पाच-सहा वर्षांच्या लेकराला वाटते, एका ताटात जेवलो तर मलाही होईल. कोणाला वाटते, परवा मी त्याला ढकलले म्हणून त्याचे दुखते आहे. आठ-दहा वर्षांच्याला राग येतो: त्याच्यासाठी डाळिंब येते, मला नाही, त्याला कोणी मारत नाही, मला मारतात, नळावर पाण्याला मीच का जायचे? तो राग बोलून दाखवला तर ‘भाऊ मरणाच्या दारात अन् तुला डाळिंब पायजे’ असे ऐकावे लागते. मग ते लेकरू रागही गिळते आणि राग आला म्हणून स्वतःला वाईट समजू लागते.

पुढे आणखी एक गोष्ट होते. सिकलसेलच्या मुलांची वाढ सावकाश होते, वयात येणेही लांबते. धाकटी बहीण भावाच्या डोक्यावरून जाते. पाहुणे हसत विचारतात, ‘यातला मोठा कोण?’ भाऊ मान खाली घालतो आणि बहिणीला आपल्या उंचीची लाज वाटते. शरीर नीट वाढले म्हणून कोणा लेकराला लाज वाटावी, हे आपण मोठ्यांनी बोलायला हवे ते न बोलल्यामुळे होते.

आणि सगळ्यांत खाली दडलेला प्रश्न असतो: हा मरणार का? तो कोणी विचारत नाही, कारण विचारले की आई रडते.

म्हणून सांगा. पाच वर्षांच्याला एवढे पुरे: ‘दादाच्या रक्तात जन्मापासून आजार आहे. तो शिवल्याने होत नाही. तुझ्यामुळे झालेला नाही. तो दवाखान्यात गेला तर तुझ्याजवळ आजी राहील.’ दहा वर्षांच्याला पेशी विळ्यासारखी कशी होते ते कागदावर काढून दाखवा, पाणी का जास्त प्यायचे ते सांगा. पंधरा वर्षांच्याला सगळे सांगा, मरणाविषयीही. खरे काय आहे? हा आजार गंभीर आहे, त्याने जीव जाऊ शकतो. पण हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत रोज घेतले की पुष्कळ रुग्णांच्या कळा कमी होतात, रक्त भरण्याची वेळ कमी येते. लसीकरण, फॉलिक अॅसिड, तापावर ताबडतोब उपचार यांनी जीव वाचतात. एसएस असलेले किती तरी जण शिकून नोकरी करत आहेत, संसार करत आहेत. ही दोन्ही सत्ये एकत्र सांगितली तर लेकरू समजून घेते.

राखणदार कोणी नेमला?

घरात मुलगी मोठी असेल तर तिला कोणी विचारत नाही. ती आपोआप राखणदार होते. भावाची पाण्याची बाटली तिने भरायची, गोळीची वेळ तिने पाहायची, शाळेत त्याच्या वर्गाबाहेर तिने उभे राहायचे. तो भरती झाला की आई दवाखान्यात आणि ही चुलीपाशी. अशा दिवसांची तिची गैरहजेरी कोणी मोजत नाही. वर्षाकाठी भावाची चार वेळा भरती झाली आणि दर वेळी आठवडा गेला, तर तिची महिनाभराची शाळा बुडाली. आजार एकाला आणि शिक्षण दोघांचे गेले. शिक्षणावर उभा राहिलेला आपला समाज आहे. त्याने हा हिशेब तरी मांडलाच पाहिजे.

मला स्वतःला भावाच्या डोळ्यांचा पिवळेपणा आईच्या आधी दिसायचा, कारण मी त्याच्या उशाशी झोपायचे. भावंडांना असे बरेच दिसते आणि ते उपयोगी आहे. पण दिसणे वेगळे आणि जबाबदार असणे वेगळे. लेकराचे काम मोठ्यांना हाक मारण्यापर्यंतच असावे. पुढचा निर्णय मोठ्यांचा.

हाक केव्हा मारायची, हे मात्र प्रत्येक भावंडाला पाठ असावे. ताप १०१ च्या वर गेला. छातीत दुखते आहे किंवा श्वास लागतो आहे. चेहरा अचानक पांढरा पडला आणि डाव्या कुशीत पोट फुगले, म्हणजे पाणथरी वाढली. बोलताना जीभ अडखळते आहे, एक हात-पाय उचलत नाही, तोंड वाकडे झाले आहे. घरच्या गोळीने कळ थांबत नाही. मुलग्याच्या लिंगाला दुखणारा ताठरपणा आला आणि दोन तासांत उतरला नाही. मुलगे ही गोष्ट आईला सांगत नाहीत, सांगितली तर भावाला सांगतात, म्हणून भावाला हे ठाऊक हवे. यांतले काहीही झाले की सकाळची वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या मागे चिकटवा. १०८ चा आकडा त्याच कागदावर लिहा.

बऱ्याचेही रक्त तपासा

‘त्याला काही होत नाही, त्याला कशाला टोचायचे?’ असे म्हणून बऱ्या लेकराची तपासणी राहून जाते. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली, वरून बरे दिसणारे लेकरूही एसएस असू शकते. काहींचा आजार बरीच वर्षे सौम्य राहतो. म्हणून घरात एक एसएस निघाला की सगळ्या भावंडांची तपासणी झालीच पाहिजे.

दुसरी गोष्ट वाहकपणाची. आईबाप दोघेही ‘एएस’, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता ४ पैकी १, एएस असण्याची ४ पैकी २ आणि पूर्ण निर्दोष म्हणजे ‘एए’ असण्याची ४ पैकी १ असते. ही शक्यता दर वेळी नव्याने तेवढीच असते. एक लेकरू आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही. यातून एक साधा हिशेब निघतो. ज्या भावंडाला आजार नाही हे नक्की झाले, ते वाहक असण्याची शक्यता ३ पैकी २ आहे. आपल्या ‘बऱ्या’ लेकराला हे लग्नाच्या वयात दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकलचा अंश आहे की नाही एवढेच सांगते. एएस की एसएस, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. ‘पॉझिटिव्ह’ एवढ्या एका शब्दावर थांबू नका, पुढची तपासणी मागा. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात बाधित आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी अपेक्षित आहे. आपल्या आरोग्य केंद्रात विचारा.

एएस असणे हा आजार नाही, हेही लेकराला त्याच दिवशी सांगा. वाहक माणूस सर्वसाधारणपणे निरोगी जगतो, कष्ट करतो. त्याला फक्त जोडीदाराचे कार्ड पाहायचे आहे. दोघेही एएस असतील तर डॉक्टरांशी बोलून विचार करावा लागतो. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत पोटातल्या बाळाची तपासणीही करता येते. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत अजून आहे. एका कुळात वाहक असतील तर अशा सोयरिकीत दोन्हीकडे एएस निघण्याचा संभव वाढतो.

इथे बरेच जण म्हणतील, ‘कार्ड दाखवले तर पोरीचे जुळणार नाही.’ ही भीती मला समजते. एसएस भावाची बहीण म्हटले की स्थळ मागे फिरते, हे मी पाहिले आहे. पण लपवल्याने धोका टळत नाही, तो पुढच्या पिढीच्या अंगात जातो. कार्ड फक्त मुलीचेच मागितले तर ती अन्यायाची गोष्ट आहे. दोन्ही बाजूंनी कार्डे समोर ठेवली तर कोणालाच खाली पाहावे लागत नाही. परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर शिक्षण आणि नोकरीच्या खाली सिकलसेलचा रकाना असावा, मुलाच्याही आणि मुलीच्याही.

कधी मोठ्या दवाखान्यात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विषय निघतो. तेव्हा सगळ्यांची नजर बऱ्या लेकराकडे वळते, कारण सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता ४ पैकी १ असते आणि एएस भावंडही देऊ शकते. दिलेली मज्जा काही आठवड्यांत शरीरात पुन्हा भरून येते. तरीही त्या लेकराला आधी समजावून सांगा, भीती विचारा, डॉक्टरांशी त्याला स्वतःला बोलू द्या. जुळली नाही तर तो त्याचा दोष नाही, हे तपासणीच्या आधीच सांगा.

पाप कोणाचेच नाही

घरातली म्हातारी माणसे अजून कुजबुजतात: करणी केली, मागच्या जन्मीचे भोग, सुनेच्या रक्ताचा दोष. बऱ्या लेकराच्या कानावर हे पडते आणि आईविषयी त्याच्या मनात अढी बसते. एसएस होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून एकेक अंश यावा लागतो. एकट्या आईला दोष देणे विज्ञानाला धरून नाही. मागच्या जन्मीच्या पापाने या जन्मी दुःख येते, ही समजूत तर बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट नाकारली आहे. मग ती आपल्या घरात का राहावी?

हा अंश आला कुठून? जिथे पिढ्यान्पिढ्या हिवताप होता, तिथे तो टिकला. वाहक लेकरे जीवघेण्या हिवतापातून जास्त वाचली, मोठी झाली आणि अंश पुढे गेला. म्हणून तो विदर्भात आपल्या समाजात आहे, गोंड, भिल्ल, पावरा या आदिवासींत आहे, आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. आपल्या पूर्वजांना ज्याने हिवतापात तारले त्याचीच ही दुसरी बाजू. जातीचा डाग समजून मान खाली घालण्यासारखे त्यात काही नाही. हे बऱ्या भावंडाला माहीत असेल तर शाळेत कोणी ‘तुमच्या लोकांची बिमारी’ म्हटले तर ते उत्तर देऊ शकेल.

वस्ती काय करू शकते

आईबापांवर सगळे टाकून चालणार नाही. दोघेही मजुरीला जातात; एक दिवस दवाखान्यात म्हणजे एक दिवसाची रोजी गेली. म्हणून वस्तीने आणि विहाराने उचलावीत अशी काही कामे आहेत.

ज्या घरात एसएस लेकरू आहे, त्या घरासाठी दोन-तीन शेजाऱ्यांची नावे आधीच ठरवा. भरतीची वेळ आली की एकाने दवाखान्यात सोबत जायचे, एकाने मागे राहिलेल्या लेकरांचे जेवण आणि शाळा पाहायची. शाळा बुडू द्यायची नाही, हा त्यातला पहिला नियम. विहारातल्या अभ्यासिकेत शिकणाऱ्या मोठ्या मुलामुलींनी बुडलेला अभ्यास भरून द्यावा, आजाऱ्याचाही आणि बऱ्याचाही.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना कार्ड दाखवा. वर्गात पाण्याची बाटली, लघवीला जाण्याची मोकळीक, थंडीत स्वेटर, कवायतीतून सूट. एवढे शाळेने दिले तर बहिणीला वर्गाबाहेर पहारा द्यावा लागत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो. त्याचा अर्ज वेळेत करा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. संजय गांधी निराधार योजना, एसटीची आणि रेल्वेची सवलत यांची चौकशी तहसील, आगार आणि स्टेशनवर करा. वस्तीतल्या एका शिकलेल्या तरुणाने हे फॉर्म भरण्याचे काम अंगावर घेतले, तरी दहा घरांचे हेलपाटे वाचतील.

आणि महिन्यातून एका रविवारी विहारात फक्त भावंडांना एकत्र बसवा. आईबाप बाहेर. बाकी काही करू नका, त्यांना बोलू द्या. आपल्याच गल्लीत आणखी पाच जणांना रात्री झोप लागत नाही, आणखी पाच जणांना डाळिंबाचा राग येतो, हे कळले तरी त्या लेकराचे मन हलके होते.

घरी करायची गोष्ट याहून सोपी आहे. आठवड्यातून एक तास बऱ्या लेकराचा ठेवा. त्या तासात आजारी भावंडाचे नाव काढू नका. त्याची वही पाहा, त्याचे भांडण ऐका, त्याला आवडते ते करून घाला. त्यालाही कधी ताप येतो, त्याचेही पोट दुखते. तेव्हा ‘तुला काय झालं, तू तर बरी आहेस’ असे म्हणू नका. कपाळाला हात लावून पाहा.